सायप्रसपासून तिसरं

सिल्वाननं काठी दोन गुडघ्यांत दाबून धरली आणि तिच्या टोकाला तारेचा वेढा घातला. वेढा ढिला बसला. तो सोडून त्यानं पुन्हा घातला, पकडीनं पीळ दिला आणि लाल काचेचा दिवा त्यात अडकवून पाहिला. दिवा बसला, पण काठी आडवी धरून पुढे केली की टोक लवायचं आणि दिवा कलंडायचा. काठ्या चेस्टनटच्या होत्या, द्राक्षवेलींना टेकू द्यायच्या. एक पुरेना म्हणून त्यानं दोन एकमेकींना बांधल्या होत्या, आणि जोडापाशीच त्या दगा देत होत्या.

“नदीवर निघालास का मासे धरायला?” कुंपणापलीकडून झोफ्कानं विचारलं.

झोफ्का शेजारची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून सिल्वानच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं यावर तिचं बारीक लक्ष असे. आजही तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. तोंडावरची पट्टी तिनं हनुवटीखाली ओढली होती.

“शनिवारी दारिंकाला वर्ष होतंय,” सिल्वान म्हणाला. “दिवा लावायचाय.”

झोफ्कानं काठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. भांडं तिनं कुंपणाच्या खांबावर ठेवलं. थट्टा पुढे नेली नाही.

दारिंका गावच्याच दफनभूमीत होती, पण पलीकडच्या अर्ध्यात. टेकडीवरची दफनभूमी एकच. तिचा अर्धा भाग या देशात, अर्धा इटलीत. मोठी लढाई संपल्यावर दूर कुठंतरी बसलेल्या माणसांनी नकाशावर रेघ ओढली आणि ती नेमकी थडग्यांवरून गेली. आधी तिथं काटेरी तार होती. मग तार गेली, पहारा गेला, शेवटी रेघही गेल्यासारखीच झाली. गवतात बुजलेले चार पांढरे दगड तेवढे उरले. या वसंतात रोगाची साथ आली आणि देशांनी आपापली दारं लावून घेतली. एका सकाळी दोन माणसं ट्रकमधून आली आणि दफनभूमीतल्या पायवाटेच्या कडेनं लोखंडी जाळ्या उभ्या करून गेली. बांधकामाभोवती लावतात तसल्या, सिमेंटच्या पायांवरच्या. तेव्हापासून सिल्वान अलीकडे होता आणि दारिंका पलीकडे.

“तिकडच्या लोकांना आता घराबाहेर पडता येतं म्हणे,” झोफ्का म्हणाली. “फोन कर की कुणाला. त्यांच्या पाद्र्याला सांग.”

सांगितलं होतं. पाद्री नवा होता, पाच गावं सांभाळत होता, दारिंकाला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. लावतो म्हणाला. भला माणूस वाटला. पण फोन ठेवल्यावर सिल्वानला बरं वाटलं नाही. नंतर त्यानं पुन्हा फोन करून सांगितलं, की राहू द्या.

“दुसऱ्याच्या हातून दिवा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं,” तो म्हणाला.

“हो का? मग माझ्या हातचं बरं खातोस.” तिनं भांड्याकडे बोट केलं. “योटा आहे. सुपात आंबट कोबी जरा जास्त पडलाय. तक्रार करायची नाही.”

ती गेली. सिल्वान पुन्हा काठी उचलणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नगरपालिकेतली मातेया होती. सोमवारपासून तिचा हा तिसरा फोन. दारिंकाच्या पहिल्या स्मृतिदिनाला चौकात मोठा कार्यक्रम करायचं ठरलं होतं. तो आता रद्द झाला होता, कारण माणसं जमवायची बंदी होती. त्याऐवजी पुढच्या रविवारी गावच्या रेडिओवर दारिंकाबद्दल काही वाचायचं होतं. एवढ्या लहान गावातली मुलगी पार ब्रसेल्स आणि स्ट्रासबर्गपर्यंत गेली, देशांमधल्या भिंती पाडायला आयुष्यभर झटली, ते वेड तिला लागलं कुठून, हे लोकांना सांगायचं होतं. मातेयानं ते लिहून काढलं होतं. वाचून दाखवू का, म्हणाली.

“वाच.”

तिनं वाचलं. दारिंका कुठल्या साली कुठून निवडून आली, कुठल्या समितीवर होती, सीमेवरची फाटकं निघाली तेव्हा काय म्हणाली. सिल्वान एका हातानं तारेचा पीळ चाचपत ऐकत होता. मग मातेयाचा आवाज जरा हळवा झाला.

“‘तिची आजी तारेपलीकडे पुरलेली होती. दर वर्षी सर्व संतांच्या दिवशी वडील लांब काठीनं आजीच्या थडग्यावर दिवा ठेवायचे आणि छोटी दारिंका काठीचं मागचं टोक धरून बसायची. सीमा पुसून टाकायची, हे त्या मुलीनं तेव्हाच मनाशी ठरवलं.’ हे त्यांच्याच भाषणांतून घेतलंय, काका. बरोबर आहे ना?”

सिल्वाननं पकड खाली ठेवली.

“सांगतो,” तो म्हणाला. “दोन दिवस दे.”

बरोबर होतं, तसं पाहिलं तर. दारिंकानं हे असंच सांगितलं होतं, शाळेत, सभांत, लुब्लियानाच्या संसदेत, मग त्या काचेच्या मोठ्या इमारतीत जिथं तो एकदाच गेला होता आणि जिना चुकून भलत्याच देशाच्या लोकांत जाऊन बसला होता. ती एवढंच सांगायची आणि थांबायची. पुढचं सिल्वानला ठाऊक होतं. दुसरं कुणी ते ठाऊक असलेलं आता राहिलं नव्हतं.

दारिंकाची नोना, म्हणजे तिच्या वडिलांची आई, लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गेली. तेव्हा दगड कुठून आणणार? लाकडी क्रूस उभा केला, त्यावर नाव रंगवलं, दगड पुढे करू म्हणाले. दगड व्हायच्या आत तार आली. क्रूसांची तोंडं सगळी पलीकडे. इकडून दिसायच्या त्या नुसत्या पाठी, एकसारख्या, पावसानं काळ्या पडलेल्या. पण ताताला, म्हणजे दारिंकाच्या वडिलांना, खूण पक्की ठाऊक होती. पुरलं त्या दिवशीच त्यानं मोजलं होतं: सायप्रसपासून तिसरं.

तारेपलीकडे बोलायला बंदी होती. हात करायलासुद्धा. पहाऱ्यावरच्या शिपायांत एक दूरच्या डोंगरातला होता, त्यालाही कुठंतरी आई असावी. ताता काठी घेऊन आला की तो पाठ फिरवून सिगारेट पेटवायचा आणि ती संपेपर्यंत वळायचा नाही. तेवढ्या वेळात काम उरकायचं. काठी लांब, पुढे दिवा, टोक लवायचं. म्हणून मागच्या टोकावर दारिंकाला पोटावर पालथं घालायचे. सुरुवातीला तिच्या वजनानं काही होत नसे, आई वरून दाबून धरायची. पुढे ती एकटी पुरायला लागली.

“बस घट्ट, माझी बटाट्याची गोणी,” ताता म्हणायचा.

ती घट्ट बसायची. तोंड गवतात, नाकात ओल्या मातीचा वास. दिवा ठेवला गेला की काठी हलकी व्हायची आणि तिला ते पोटात कळायचं. मग तिघं उभी राहून सायप्रसपासून तिसऱ्या क्रूसाच्या पाठीकडे बघत प्रार्थना म्हणायची. उजेड क्रूसाच्या पलीकडच्या अंगाला, इकडून दिसायची ती फक्त त्याची लाल कड.

दारिंका अकरा वर्षांची झाली त्या साली दोन्ही देशांचं काही जमलं आणि सीमेवरच्या गावकऱ्यांना पलीकडे जायचे परवाने मिळाले. शरदात ते तिघं निघाले. आईनं शेवंतीची जुडी घेतली. ताताची दाढी गुळगुळीत केलेली, टोपी नवी. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जागी पोचायला त्यांना खाली रस्त्यापर्यंत जाऊन, चौकीवर कागद दाखवून, टेकडीला वळसा घालून पलीकडच्या फाटकातून वर यावं लागलं. दारिंकाला आठवायचं ते असं, की पहिल्यांदाच क्रूसांची तोंडं दिसली. आजवर पाठमोरी उभी असलेली माणसं एकाएकी वळली, असं तिला वाटलं.

ताता पुढे झाला. टोपी काढून हातात घेतली. सायप्रसपासून मोजत आला आणि तिसऱ्यासमोर थांबला. नाव वाचलं. परत सायप्रसपाशी गेला, परत मोजत आला.

“फ्रान्त्स?” आई म्हणाली.

ताताचे कान लाल झाले होते. क्रूसावर नाव होतं एका फुरलान बाईचं, पलीकडच्या सपाटीवरल्या खेड्यातल्या. नोना तिथं नव्हती.

रांगेच्या शेवटाकडून एक काळ्या कपड्यांतली बाई हातात पाण्याची झारी घेऊन येत होती. तिचं नाव ओर्सोला. तिला आपली भाषा मोडकीतोडकी यायची, पण ती बोलत बसली नाही. तिनं झारी ठेवली, ताताच्या बाहीला धरलं आणि त्याला रांगेत पुढे नेलं. तिथं नोनाचा क्रूस होता. नाव नव्यानं रंगवलेलं. पायाशी लाल दिवा जळत होता आणि त्याच्याभोवती जुन्या मेणाचे थर साचलेले, वर्षावर वर्षं, एकावर एक.

मग तिनं मागे बोट करून दाखवलं. गवतात एक बुंधा होता, कापलेला. सायप्रसची झाडं दोन होती. तार ओढताना शिपायांनी एक पाडलं. पुरलं त्या दिवशी तातानं ज्याच्यापासून मोजलं होतं ते.

“तुम्ही माझ्या आईला दिवा लावत होतात,” ओर्सोला म्हणाली. “मग तुमच्या म्हातारीला अंधारात कशी ठेवू?”

आईनं विचारलं, आमची हीच हे तुला कसं कळलं? त्यात काय अवघड, ती म्हणाली. या रांगेत जिच्याकडे कुणी फिरकायचं नाही अशी ही एकटीच होती. आणि सांगितलं का नाहीस, काही खूण तरी? ओर्सोलानं तारेकडे पाहिलं, मग जरा हसली.

“सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. माझी आई लाडावली होती तोवर.”

परतीच्या वाटेवर ताता झपाझप पुढे चालत राहिला. घराच्या दारात थांबून त्यानं दारिंकाला सांगितलं, हे गावात बोलायचं नाही. इतकी वर्षं परक्याच्या आईपुढे डोकं टेकलं, याची त्याला लाज वाटत होती. पण पुढच्या वर्षी वळसा घालून जाताना त्याच्या पिशवीत दोन दिवे होते.

सिल्वानला हे दारिंकानं सांगितलं ते लग्नाआधी, पीचच्या बागेत फळं उतरवताना. आधीच बजावलं होतं, “हसलास तर लग्न नाही.” तो ‘लाडावली होती’ पाशी हसला. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शेवटी लग्न केलं.

नंतर ती मोठी असामी झाली. शाळेत भूगोल शिकवायची, तिथून निवडणुकांत उतरली, नवा देश झाला तेव्हा संसदेत बसली, आणि पुढे सोमवारी पहाटे बॅग घेऊन बाहेर पडायची ती गुरुवारी रात्री परत. वेगवेगळ्या भाषांतली माणसं एका टेबलाशी बसवायची, उठून गेलेल्यांना परत आणायचं, हेच तिचं काम. युरोप हा सिल्वानच्या लेखी तिनं एकदा घरी आणलेला पाहुणा होता, जो पुढे कधी गेलाच नाही. फोनवर तो, जेवणाच्या टेबलावर तो. सिल्वान वेलींची छाटणी करायचा, वाईन पिंपात भरायचा, गुरुवारी योटा मंद आचेवर ठेवून बसायचा. गावातल्या गुत्त्यावर स्तांको म्हणायचा, “बाई युरोपचं छप्पर शाकारतेय, आणि इथं सिल्वानचं गळतंय.” सगळे हसायचे. सिल्वानही हसायचा. छप्पर खरंच गळत होतं.

एकदा त्यानं तिला विचारलं होतं, थडगं चुकलं होतं हे तू कधीच का सांगत नाहीस? तुझे वडील तर आता नाहीत.

“तिथं सांगितलं तर टाळ्या वाजवतील,” ती म्हणाली. “त्याला टाळ्या नकोत मला.”

आणि एकदा तो चिडला होता. फाटकं निघून वर्ष झालं होतं. ज्या संध्याकाळी सीमेवरचा आडवा खांब कापला, त्या संध्याकाळी ती व्यासपीठावर थांबलीच नव्हती. इकडे दफनभूमीत येऊन पांढऱ्या दगडांवरून उगाच या बाजूला, त्या बाजूला चालत होती आणि तो कंदील धरून उभा होता. त्याला वाटलं होतं, झालं, आता ही घरी राहील. पण सोमवारी पुन्हा बॅग भरलेली. तो म्हणाला, “तुझ्या आजीला दिवा लावायला आता कुणी अडवत नाही. मग आता कशाला जातेस?”

तिनं बॅग खाली ठेवली.

“आजीसाठी मी कधी गेलेच नव्हते, सिल्वान.”

एवढं बोलून ती गेली, कारण गाडीची वेळ झाली होती. तिच्या जाण्याची त्याला सवय होती. न येण्याची कधी झाली नाही. अजूनही गुरुवारी आवारात गाडी वळल्याचा आवाज आला की हात आपोआप चुलीकडे जायचा.

शनिवारी संध्याकाळी तो काठी खांद्यावर घेऊन टेकडी चढला. झोफ्का मागोमाग आली. तिला बोलावलं नव्हतं.

“तुझ्या काठीचं मागचं टोक धरायला कुणीतरी पाहिजे,” ती म्हणाली. “रेडिओवाली पोरगी मलाही विचारायला आली होती. काठीची गोष्ट सांगत होती.”

दारिंका नोनाच्या शेजारी होती. तिथं जागा मिळावी म्हणून तिनं स्वतः दोन्हीकडच्या कचेऱ्यांत खेटे घातले होते, आजारी असताना. इकडून तिच्या दगडाची पाठच दिसायची, करडी, अजून शेवाळ न धरलेली. पलीकडचं सगळं पाठमोरं होतं, पुन्हा.

जाळीच्या भोकांतून दिवा जात नव्हता. जाळीवरून जायचं तर काठी उभी धरावी लागणार. सिल्वान जाळीच्या कडेनं चालत राहिला. सायप्रसपाशी आला तेव्हा त्याला फट सापडली. झाडाची मुळं वर आली होती, सिमेंटचे पाय तिथं नीट बसले नव्हते, आणि दोन जाळ्यांमध्ये वीतभर जागा राहिली होती. फट होती ती एवढी एकच.

त्यानं दिवा पेटवला, काचेवर झाकण बसवलं, काठी फटीतून आत घातली. टोक लवलं. झोफ्का काही न विचारता मागच्या टोकावर बसली, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, बाकावर बसावं तशी.

“बस घट्ट,” सिल्वान म्हणाला.

“याहून घट्ट बसायला मला अजून दोन ताटं जेवावं लागेल.”

काठी उचलली गेली. दिवा थरथरत पुढे गेला, गवतावरून, पहिल्या दगडामागून, दुसऱ्यामागून. सिल्वाननं खांदा जाळीला लावला आणि हात फटीतून काखेपर्यंत आत घातला. जाळीची तार गालाला रुतली. दारिंकाचा दगड तिथून तिरक्या रेषेत, बराच दूर होता. मध्ये अजून बरीच थडगी. काठी आणखी ढकलली तशी झोफ्का ओढली गेली आणि तिनं काहीतरी पुटपुटत टाचा मातीत रोवल्या. दिवा कलला, ज्योत काचेला लागली, आणि तो जिथं होता तिथंच खडीवर टेकला.

सिल्वान तसाच थांबला. हात भरून आला होता. लावलेला दिवा परत आणत नाहीत. विझवून घरी तर नाहीच नाही. तो ज्या दगडामागे टेकला होता तिकडे त्यानं पाहिलं, मग सायप्रसकडे, आणि मोजायची गरज नव्हती.

त्यानं मनगट हळूच फिरवलं. तारेचा वेढा सुटला. काठी हलकी झाली.

“पोचला?” मागून झोफ्कानं विचारलं.

“नाही.”

“मग ठेवलास कुठं?”

“ओर्सोलाच्या आईपाशी.”

“ती कोण?”

सिल्वाननं काठी ओढून घेतली. गालावर जाळीचा ठसा उमटला होता, तो चोळत राहिला. “सांगेन कधीतरी,” म्हणाला. खाली उतरताना झोफ्कानं त्याच्या हातातली काठी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

रविवारी पाऊस झाला. सोमवारी त्यानं तिसरी काठी सोलून काढली, जोड जाड सुतळीनं आवळले. एवढ्या लांबीची काठी पेलणार कशी याचा तो मंगळवारभर विचार करत होता. ओर्सोलाला जाऊन वीसेक वर्षं झाली होती. तिला मुलगी होती, ती लग्न होऊन कुठं गेली ते दारिंकाला ठाऊक होतं. सिल्वाननं कधी विचारलं नव्हतं. पलीकडचं विचारायचं काम दारिंकाचं, असंच त्यांच्या घरात ठरून गेलेलं.

बुधवारी ऊन कललं तेव्हा तो एकटाच निघाला. झोफ्काला सांगितलं नाही. तीन काठ्यांचं ते धूड वाटेवर दोनदा झुडपांत अडकलं. सायप्रसपाशी पोचून त्यानं ते खोडाला टेकवलं, खिशातला नवा दिवा काढला आणि फटीतून आत पाहिलं.

शनिवारचा दिवा एव्हाना विझून गेला असणार, असं त्यानं धरलं होतं. तो जळत होता. काच कुणीतरी पुसली होती, आत नवी मेणबत्ती होती, आणि खाली एक चपटा दगड सरकवला होता, कलू नये म्हणून.

सिल्वान जाळीला टेकला. पलीकडे कुणी नव्हतं. फाटक लागलेलं होतं. त्यानं नजर रांगेवरून पुढे नेली, हळूहळू, एकेका पाठीवरून, आणि शेवटी नोनाच्या शेजारच्या दगडावर आणली. करडी पाठ. तिच्यावर काही नव्हतं. पण दगडाच्या पायाशी, कडेच्या खडीवर, बोटभर जागा लाल दिसत होती. वारा आला की ती हलत होती.

तो किती वेळ उभा होता, त्याला कळलं नाही. खाली गावात चर्चची घंटा झाली. दोन्हीकडच्या कुत्र्यांनी नेहमीसारखं तिच्यावर भुंकून घेतलं. त्यानं टोपी काढली होती, ती हातातच राहिली.

हातात दिवाही होता.

तो वळला. या बाजूच्या रांगा उतरत्या उन्हात होत्या, तोंडं त्याच्याकडे केलेल्या. बहुतेकांवर ताजी फुलं होती. गावातले लोक रोज येत होते. तो रांगेतून चालू लागला. घाई नव्हती. दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक ठेंगणा दगड होता. त्याच्यापुढची फुलदाणी उलटून पडली होती आणि आतल्या फुलांची काडं झाली होती. मार्चमध्ये जाळ्या लागल्यापासून तिथं कुणी आलेलं दिसत नव्हतं. सिल्वाननं फुलदाणी सरळ केली, काडं काढून टाकली, दगडावरची माती बाहीनं झटकली.

फोन वाजला.

“काका, उद्या सकाळी ध्वनिमुद्रण आहे,” मातेया म्हणाली. “तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात. राहू दे ना तसंच?”

“एक बदल कर,” सिल्वान म्हणाला. “‘आजीच्या थडग्यावर’ नको. ‘एका थडग्यावर’ म्हण.”

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.

“पण काका, आजी काढली तर त्यात काय राहिलं? ऐकणाऱ्याला काहीच वाटणार नाही.”

“न वाटू दे.”

“मग ते थडगं होतं तरी कुणाचं?”

सिल्वाननं खाली वाकून समोरच्या दगडावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं बारीक होती आणि चष्मा घरी राहिला होता.

“तेवढंच बदल, पोरी,” तो म्हणाला, फोन खिशात टाकला आणि काडी ओढली.